समुद्र किती चढेल? एका अंदाजाचा इतिहास

बीड जिल्ह्यातल्या शाळेत समुद्राचा विषय निघाला की तो बहुधा पुस्तकातच राहतो. बीड शहरातून नकाशावर थेट पश्चिमेला रेघ ओढली, तर साधारण तीनशे किलोमीटरवर मुंबई लागते. दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, १९ अंश उत्तरेच्या आसपास आहेत. पण मध्ये सह्याद्री आहे, आणि बीड शहर समुद्रापेक्षा सुमारे पाचशे मीटर उंच आहे. समुद्र एक मीटर चढला काय किंवा दोन मीटर, बिंदुसरेच्या पात्रात खारे पाणी येणार नाही. मग समुद्राची पातळी पुढे किती वाढेल, हा प्रश्न आपल्या वर्गात कशासाठी घ्यायचा?

याचे एक उत्तर वरच्याच परिच्छेदात आहे. बीड "समुद्रापेक्षा पाचशे मीटर उंच" आहे असे आपण म्हटले. हे पाचशे मीटर कोठून मोजले? समुद्र तर दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर, नकाशातल्या समोच्चरेषांवर, धरणाच्या आराखड्यावर आपण ज्या उंच्या वाचतो त्या सर्वांचा शून्य समुद्रात आहे. तो शून्य कोणी ठरवला आणि तो हलतो आहे हे कसे कळले, ते आधी पाहू. मग पुढे तो किती हलेल याचे अंदाज कसे बांधले गेले आणि कसे बदलले याकडे वळू.

शून्य ठरला कसा?

भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचे काम विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ सुरू केले. हे काम करता करताच १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. या मोजणीने गावांच्या आणि डोंगरांच्या जागा अचूक सांगितल्या. पण उंची सांगायची तर समुद्राची पातळी नेमकी माहीत असायला हवी होती.

भरती-ओहोटीची पद्धतशीर मोजणी भारतात १८७० च्या दशकात सुरू झाली. भारतीय सर्वेक्षण विभागातील ए. डब्ल्यू. बेअर्ड या अधिकाऱ्याने १८७३ ते १८७५ या काळात कच्छच्या आखातात निरीक्षणे केली. तेथे समुद्राच्या तुलनेत जमिनीची पातळी बदलते आहे का, हे त्यांना पाहायचे होते. म्हणजे बदलाची शंका होती ती जमिनीबद्दल. समुद्र कायमचा एका जागी आहे असे गृहीतच धरले होते.

त्यानंतर १८७८ पासून मुंबईच्या अपोलो बंदरावर पातळीची सलग नोंद सुरू झाली. हिंदी महासागराच्या काठावरील सर्वांत दीर्घ नोंदींपैकी ही एक आहे. यंत्र अगदी साधे होते. समुद्राकाठी एक अरुंद विहीर, आणि तिच्या तळाशी समुद्राला जोडणारे लहान तोंड. तोंड लहान असल्याने लाटांची खळबळ आत पोहोचत नाही, पण भरती-ओहोटी पोहोचते. आतल्या पाण्यावर एक तरंगता डबा असतो. त्याला बांधलेली तार चाकावरून जाते आणि पेन्सिल हलवते. घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या कागदाच्या रुळावर ही पेन्सिल दिवसरात्र वक्ररेषा काढत राहते.

या वक्ररेषांचा उपयोग प्रथम बंदरांना झाला. भरतीच्या वेळा आधी सांगता याव्यात म्हणून एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली १८७९ साली इंग्लंडमध्ये भारतीय बंदरांसाठी एक खास यंत्र तयार झाले. चंद्र-सूर्याच्या प्रत्येक गतीसाठी एक चाक आणि या सर्व चाकांची बेरीज करणारी एक दोरी, अशी त्याची रचना होती.

दुसरा उपयोग शून्य ठरवण्याचा. चंद्राच्या कक्षेचे एक आवर्तन १८.६ वर्षांचे असते. त्यामुळे समुद्राची खरी सरासरी काढायची तर सुमारे १९ वर्षांच्या नोंदी लागतात. कराची, मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टणम अशा एकूण नऊ बंदरांवरील सरासरी पातळी शून्य धरून देशभरच्या उंच्यांचे जाळे बसवण्यात आले. हे काम १९०९ साली पूर्ण झाले. बंदरापासून आत येताना दुर्बीण आणि मापपट्टी घेऊन एकेका टप्प्याने उंची पुढे न्यायची आणि ठरावीक अंतरावर दगडावर बेंचमार्कची खूण कोरायची, अशी ही पद्धत. मराठवाड्यातल्या गावांपर्यंत समुद्राचा शून्य असा टप्प्याटप्प्याने आला.

मुलांना येथे एक गोष्ट आवर्जून सांगावी. समुद्रसपाटी ही कोठे पसरलेली सपाटी नाही. ती एक सरासरी आहे, आणि तीही एका विशिष्ट काळातली.

जमीनही हलते

काठावरचे मापक समुद्राची पातळी मोजते ते काठाच्या संदर्भात. काठच खाली गेला, तर समुद्र चढल्यासारखा दिसेल. हा पेच सुटण्याची सुरुवातही भारतातल्याच मोजणीतून झाली.

उत्तर भारतातील कल्याणपूर आणि कल्याणा या दोन ठिकाणांमधील अंतर दोन पद्धतींनी मोजले असता उत्तरात ५.२४ सेकंदांचा कोनीय फरक आला. हिमालयाच्या ओढीने ओळंबा तिरका होत असावा, असे कलकत्त्याचे धर्मगुरू आणि गणिती जॉन प्रॅट यांना वाटले. त्यांनी ही ओढ मोजली, तर फरक १५ सेकंदांहून जास्त यायला हवा होता. हिमालय अपेक्षेपेक्षा कमी ओढत होता! याचे स्पष्टीकरण जॉर्ज एअरी यांनी १८५५ साली दिले. पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ असते आणि तो जड थरावर तराफ्यासारखा तरंगतो.

कवच तरंगते म्हणजे त्यावरचे ओझे वाढले की ते खाली दबणार आणि ओझे उतरले की वर येणार. हिमयुगात उत्तर युरोपावर जाड हिमस्तर होता. तो वितळून हजारो वर्षे लोटली, तरी बॉथनियाच्या आखाताच्या उत्तर काठावरची जमीन आजही वर्षाला सुमारे १ सेंटिमीटर वर उचलली जाते आहे. तेथल्या मापकाला समुद्र उतरताना दिसतो. म्हणून कोणत्याही बंदराच्या नोंदीतून जमिनीची ही हालचाल वजा करावी लागते.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील ए. एस. उन्नीकृष्णन आणि डी. शंकर यांनी मुंबईसह उत्तर हिंदी महासागरातील बंदरांच्या जुन्या नोंदी अशा दुरुस्त्या करून तपासल्या. त्यांचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. वाढ वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर, सरासरी सुमारे १.३ मिलिमीटर निघाली. मुंबईत भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत काही मीटरचा फरक असतो. त्या गदारोळातून वर्षाला एक-दीड मिलिमीटर वेगळा काढायचा, तर शंभर वर्षांची सलग वही हवी. ती १८७८ पासून ठेवली गेली म्हणूनच हे शक्य झाले.

कोळसा आणि समुद्र

पातळी वाढण्याची मुख्य कारणे दोन. पाणी तापले की प्रसरण पावते, आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो.

पहिले कारण वर्गात दाखवता येते. बाटली रंगीत पाण्याने काठोकाठ भरावी. बुचातून बारीक नळी घालून बाटली गरम पाण्यात ठेवावी. नळीतले पाणी चढू लागते. दुसऱ्या कारणासाठी दोन पेले घ्यावेत. एकात बर्फाचा खडा पाण्यावर तरंगू द्यावा. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढणारा दगड ठेवून त्यावर खडा ठेवावा. पहिल्या पेल्यातली पातळी बर्फ वितळल्यावरही तेवढीच राहते, दुसऱ्यातली वाढते. उत्तर ध्रुवावरचा तरंगता बर्फ हा पहिला पेला. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका हा दुसरा. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल, अंटार्क्टिकाचा वितळला तर सुमारे ५८ मीटर.

हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली हाताने केले. उत्तर आले ५ ते ६ अंश. पृथ्वी खरोखरच तापू लागली आहे, असे इंग्लंडमधील अभियंते गाय कॅलेंडर यांनी १९३८ साली जुन्या तापमान-नोंदी एकत्र करून दाखवले. तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ येथे या वायूची मोजणी सुरू केली. तेव्हा त्याचे प्रमाण दशलक्षात सुमारे ३१५ होते. २०२४ साली ते ४२० च्या पुढे गेले होते.

मग १९७८ साली जॉन मर्सर या हिमनदी-अभ्यासकाने एक इशारा दिला. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ समुद्रपातळीच्या खाली असलेल्या खडकावर टेकलेला आहे. त्याला आधार देणारे तरंगते हिमफलक तुटले तर तो झपाट्याने समुद्रात उतरू शकेल आणि पातळी सुमारे ५ मीटर वाढेल. समुद्राच्या पातळीचा प्रश्न प्रयोगशाळेतून सरकारी कचेऱ्यांत गेला तो याच सुमारास.

आकड्यांची चाळीस वर्षे

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८३ साली २१०० पर्यंतचा अंदाज छापला. वाढ ५६ सेंटिमीटर ते ३४५ सेंटिमीटर, म्हणजे गुडघ्यापासून ते घराच्या छतापर्यंत! पुढे १९८८ साली आंतरसरकारी हवामानबदल मंडळ, अर्थात आयपीसीसी, स्थापन झाले. त्याचे अहवाल ठरावीक काळाने येत गेले. १९९० साली, काहीच आळा घातला नाही तर ३० ते ११० सेंटिमीटर. १९९५ साली १५ ते ९५. २००१ साली ९ ते ८८. २००७ साली १८ ते ५९.

हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले, तर विद्यार्थी म्हणतील, "धोका कमी होत गेला की!" येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. २००७ चा वरचा आकडा लहान दिसतो, कारण त्यात हिमस्तर वेगाने घसरून समुद्रात येण्याची शक्यता धरलेलीच नव्हती. तिचे गणित त्या वेळी विश्वासाने मांडता येत नव्हते, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहिले होते. पण पुष्कळांनी आकडा वाचला आणि त्याखालची अट वाचली नाही. २०१३ च्या अहवालात ही त्रुटी बऱ्याच अंशी भरून निघाली, तेव्हा सर्वाधिक प्रदूषणाच्या मार्गासाठी अंदाज ५२ ते ९८ सेंटिमीटर झाला. २०२१ साली तो ६३ सेंटिमीटर ते सुमारे १ मीटर असा आला. सर्वांत संयमी मार्गासाठी २८ ते ५५. शिवाय, हिमस्तर अनपेक्षितपणे कोसळू लागले तर जवळजवळ २ मीटरची वाढही नाकारता येत नाही, अशी नोंद सोबत होतीच. मर्सर यांची शंका अजून मिटलेली नाही.

दरम्यान समुद्र काय करत होता? टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह ऑगस्ट १९९२ मध्ये सोडला गेला, आणि १९९३ पासून सर्व समुद्रांची पातळी अवकाशातून मोजली जाऊ लागली. पुढच्या तीस वर्षांत ती सुमारे १० सेंटिमीटर वाढली. २०२१ च्या अहवालानुसार वाढीचा वेग १९०१ ते १९७१ या काळात वर्षाला १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ मध्ये तो ३.७ झाला. अंदाजांचे आकडे वरखाली होत होते, समुद्राचा वेग मात्र वाढतच होता.

बीडचे पाणी आणि समुद्राचे पाणी

आता बीडकडे परत येऊ. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर आणि सरासरी पाऊस साधारण ६७० मिलिमीटर. गुणाकार केला तर वर्षाचा पाऊस सुमारे ७ घन किलोमीटर होतो. जगातील समुद्रांचे क्षेत्रफळ आहे सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी चढवायचे तर ३६० घन किलोमीटर पाणी हवे. म्हणजे बीड जिल्ह्यात वर्षभर पडलेला प्रत्येक थेंब जरी समुद्रात नेऊन ओतला, तरी तो मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढाच चढेल.

दुसरे गणित जायकवाडीचे. ज्याच्या उजव्या कालव्याचे पाणी बीड जिल्ह्यात येते तो नाथसागर पूर्ण भरला की त्यात सुमारे २.९ घन किलोमीटर पाणी असते. असे सव्वाशे नाथसागर म्हणजे समुद्राचा एक मिलिमीटर. एवढे क्षुल्लक असेल तर धरणांचा विचार कशाला करायचा? पण जगातल्या सर्व मोठ्या धरणांत विसाव्या शतकापासून अडवलेल्या पाण्याची बेरीज २००८ साली प्रसिद्ध झाली. ती सुमारे १०,८०० घन किलोमीटर भरली, म्हणजे समुद्राचे ३० मिलिमीटर. धरणांनी समुद्राची वाढ काही काळ झाकून ठेवली होती. जुन्या नोंदी वाचताना हा हिशेब सोडला, तर बर्फ आणि उष्णता यांचा वाटा चुकीचा निघतो.

उलटा हिशेब भूजलाचा आहे. बोअरमधून उपसलेले पाणी शेतात पडते, वाफ होते, पाऊस होऊन कोसळते आणि शेवटी बहुतांशी समुद्राला मिळते. ग्रेस या उपग्रहांच्या जोडीने २००२ पासून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले सूक्ष्म बदल मोजले. त्यावरून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात वायव्य भारतातील भूजल १०९ घन किलोमीटरने घटल्याचे आढळले. समुद्राच्या भाषेत हे सुमारे ०.३ मिलिमीटर. बीडचा काळा कातळ पंजाब-हरियाणाच्या गाळासारखा पाणी साठवत नाही, त्यामुळे येथला आकडा त्यामानाने लहानच असणार. पण जमिनीतून उपसलेले पाणी समुद्राच्या हिशेबात जमा होते हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

पाण्यापेक्षा मोठा वाटा इंधनाचा आहे. १९७० च्या दशकापासून परळीच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळत आला आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे पाणी न मिळाल्याने हे केंद्र बंद ठेवावे लागले होते. त्या कोळशाने दिलेल्या विजेवर शाळेतले पंखे फिरले, पंप चालले, कारखाने चालले. त्यातून निघालेला वायू मात्र परळीच्या हवेत थांबला नाही. त्याने अडवलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रात मुरते. जगातल्या असंख्य चिमण्यांतली परळीची चिमणी ही एक, आणि तिचा वाटा अल्पच. पण सर्वच चिमण्यांबद्दल असेच म्हणता येईल.

परिणामही बीडपासून तेवढे दूर नाहीत. दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी आणि एरवी मिळेल त्या कामासाठी जिल्ह्यातली माणसे बाहेर पडतात. त्यांतली अनेक मुंबई परिसरात जातात. मुंबईचा बराच भाग समुद्रात भर टाकून तयार झालेला आहे. सखल भागातल्या वस्त्यांत बहुधा गरीबच राहतात. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी कोठे साचते, हे तेथे राहणाऱ्या बीडकरांना पुस्तकात वाचावे लागत नाही. समुद्र अर्धा मीटर उंच असेल, तर तेच पाणी उतरायला अधिक वेळ लागेल.

जर आणि तर

हा सारा इतिहास पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. समुद्राचा अंदाज म्हणजे भरतीचे कोष्टक नव्हे. २१०० सालच्या एखाद्या दिवशी मुंबईत भरती किती वाजता येईल, हे चंद्र-सूर्याच्या गतीवरून आजही काढता येते. कारण चंद्राला आपण काय करतो याची पर्वा नाही. पण त्या भरतीचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत येईल, हे सांगताना वैज्ञानिकाला "जर" लिहावेच लागते. २८ सेंटिमीटर आणि १ मीटर यांमधल्या फरकाचा काही भाग हिमस्तरांबद्दलच्या अपुऱ्या ज्ञानातून येतो. तो संशोधनाने कमी होईल. उरलेला भाग माणसे यापुढे किती इंधन जाळतील यावर अवलंबून आहे. तो कोणत्याही उपकरणाने मोजता येणार नाही, कारण ते अजून ठरायचे आहे. एवढे मात्र ठरलेले आहे की आज सर्व इंधन बंद केले तरी समुद्र पुढची काही शतके हळूहळू चढत राहील. खोल पाणी सावकाश तापते आणि बर्फही सावकाश वितळतो.

म्हणून विद्यार्थ्यांना "समुद्र किती चढेल?" असे विचारण्याऐवजी "हा आकडा कोणत्या अटीवर दिला आहे?" असे विचारायला शिकवावे. पावसाचा अंदाज असो, धरणातल्या साठ्याचा असो की पीक-उत्पादनाचा, हीच सवय सर्वत्र उपयोगी पडेल.

आणखी एक काम शाळेला सहज करता येण्यासारखे आहे. अपोलो बंदरावर पेन्सिलीच्या रेषा जपणाऱ्यांना त्यांचा उपयोग शंभर वर्षांनी कशासाठी होईल हे ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त खंड पडू दिला नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. शाळेने गावातली एक विहीर निवडावी. तिच्या काठावर एक पक्की खूण करावी, तोच त्या वहीचा शून्य. दर महिन्याच्या एक तारखेला, दगड बांधलेल्या दोरीने आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली, खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि तारखेसह लिहावे. पहिल्या वर्षी त्यातून फारसे काही दिसणार नाही. दहा वर्षांनी पाऊस आणि उपसा यांचा ताळेबंद दिसू लागेल. वही मात्र मुख्याध्यापकांच्या कपाटात, पुढच्या शिक्षकाला सापडेल अशी ठेवावी.